वर्गाची सामाईक ठेव

१ ऑगस्ट २०१४ रोजीं जव्हार व मोखाडा हे तालुके ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत आले. या फेरफारानें तेथील एकाहि गांवाची शीव हलली नाहीं, कीं एकहि घर कमी झालें नाहीं. बदललें तें सर्वांचें सामाईक असलेलें एकच नांव, जिल्ह्याचें. संगणकाच्या भाषांतील 'स्टॅटिक' घटकाचें मर्म या घटनेंत सांपडतें.

ओस्लो येथें ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांनीं १९६७ च्या सिम्युला भाषेंत वर्ग आणि वस्तु यांची कल्पना मांडिली. 'गांव' हा वर्ग धरला, तर जव्हार, मोखाडा, खोडाळा या त्याच्या वस्तु होत. प्रत्येकीचीं घरें व माणसें निराळीं. परंतु जिल्ह्याचें नांवहि प्रत्येकीपाशीं वेगळें लिहून ठेविलें, तर बदलाच्या दिवशीं एखादें गांव विसरून जुन्याच जिल्ह्यांत राहावयाचें! म्हणून पुढें स्मॉलटॉक-८० या अमेरिकन भाषेनें अशी माहिती वर्गाच्याच स्वाधीन केली. ती एकदांच लिहावयाची, आणि सर्व वस्तूंनीं तेथूनच वाचावयाची.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लस भाषेंत प्रथम माहिती वर्गाची होऊं शके, पण आज्ञा होऊं शकत नसे. जिल्ह्याचें नांव बदलण्याची आज्ञा कोणा एका गांवास उद्देशून नसते. तरीहि ती देण्यासाठीं एखादें गांव पुढें करावें लागे. तेव्हां कांहीं जण शून्य पत्त्यावरील, अस्तित्वांतच नसलेल्या वस्तूच्या नांवानें काम भागवीत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत स्टॅटिक आज्ञा आल्या आणि ही लबाडी अनावश्यक ठरली. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेंत तर कार्यक्रमाचा आरंभच अशा आज्ञेनें होऊं लागला. कारण आरंभीं एकहि वस्तु जन्मास आलेली नसते.

या सोयीला एक काटाहि आहे. इंग्रजी अमदानींत जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. शेजारचा मोखाडा मात्र ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. त्या काळीं 'सत्ताधीश' हा घटक स्टॅटिक ठरविला असता, तर जव्हारच्या राजाचें नांव लिहितांच मोखाड्याहि त्याच्याच अंमलाखालीं गेला असता! १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तेव्हां कोठें दोहोंचा जिल्हा एक झाला. सामाईक दिसणारी गोष्ट खरोखरीच सर्वांची आहे काय, हें आधीं पारखावें. मगच ती वर्गाच्या हवालीं करावी.