वेदनेवांचून जन्मलेलीं माणसें

वेदना नसती तर किती बरें झालें असतें, असें कोणाला वाटलें नसेल? पण हें वरदान ज्यांना जन्मतःच लाभलें, त्यांचा इतिहास निराळा आहे.

१९३२ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. डिअरबॉर्न यांनीं अशा एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. अंगांत टांचण्या टोंचून घेण्याचे खेळ करून तो पोट भरीत असे! वैद्यांच्या आधीं खेळवाल्यांनींच त्याला हेरलें होतें. उत्तर पाकिस्तानांतील एक मुलगाही रस्त्यावर असेच खेळ करी: दंडांत सुरी खुपसावी, निखाऱ्यांवरून चालावें. चौदावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच छपरावरून उडी मारून तो मरण पावला.

त्याच भागांतील तीन कुटुंबांतल्या सहाजणांचा अभ्यास केंब्रिजच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केला. स्पर्श कळे, ऊन-थंड कळे, गुदगुल्याही होत. दुखत मात्र नसे. लहानपणीं स्वतःच्याच दांतांनीं त्यांनीं ओठ वा जीभ जखमी करून घेतली होती. दोष एका जनुकांत होता, आणि तो मातापिता दोघांकडून आला तरच प्रकट होई. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचें एक सूक्ष्म सोडियम-द्वार त्यामुळें निकामी झालें होतें.

तें द्वार औषधानें बंद करावें ही खटपट तेव्हांपासून चालू आहे. २०२५ सालीं अमेरिकेंत मान्य झालेली वेदनाशामक गोळी मात्र त्याच जातीचें दुसरें द्वार बंद करते.