कुर्ल्याची फियाट, कांदिवलीची जीप

मंडळी, गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू आहे. मुलाला विजेवर चालणारी गाडी घ्यायची आहे. तो म्हणतो सेडान, सूनबाई म्हणते क्रॉसओव्हर. ही काय भानगड आहे हे कळायलाच मला चार दिवस लागले. सेडान म्हणजे आपली मागे डिकी असलेली गाडी आणि क्रॉसओव्हर म्हणजे मोटारीच्या सांगाड्यावर चढवलेला जीपचा थाट. एवढं डोक्यात उतरलं आणि वाटलं, अरे, हे भांडण तर आपल्या उपनगरांचंच आहे!

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९६४ ची 'डिलाइट', आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव झालं 'पद्मिनी'. आमच्या चाळीजवळच्या डॉक्टरांकडे एक होती. गिअर स्टिअरिंगलगत, पुढे सलग बाक, आणि डिकीत अख्ख्या कुटुंबाचं कोकणात न्यायचं सामान. तीच काळीपिवळी टॅक्सी. शेवटची २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

दुसरीकडे महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप जुळवायला घेतली, पुढे कांदिवलीचा कारखाना उभा राहिला. जीप सरकारची, पोलिसांची, निवडणुकीच्या भोंग्याची. घरच्या माणसाने जीप घ्यावी असं कुणाच्या मनातही येत नसे. इज्जत होती ती डिकीला.

बंगळुरूची छोटीशी रेवा (२००१) सोडली तर विजेच्या गाड्यांतही आधी हाच थाट चालला. २०१६ ला महिंद्राची ई-व्हेरिटो आली. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने सरकारी खात्यांसाठी १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली, तेव्हा टाटांनी टिगोर दिली, महिंद्रांनी ई-व्हेरिटो. दोन्ही सेडान! साहेब लोक डिकीवाल्या गाडीतूनच उतरणार ना? मग जानेवारी २०२० मध्ये टाटांची विजेची नेक्सॉन आली आणि घरोघरची माणसं तिच्याकडे वळली. म्हणजे साहेबांना सेडान आणि घरी जीपची नात. सगळं उलटं झालं, बरं का.

याला कारण आहे. बॅटरीचा जाडजूड पाट गाडीच्या तळाशी बसवावा लागतो, त्याने जमीन वर येते. उंच गाडीत ते खपून जातं. सेडानचं छत आधीच उतरतं, मग एकतर डोकं टेकतं नाहीतर डिकीतली जागा जाते. मुलाचाही मुद्दा खोटा नाही. ठेंगणी गाडी वारा कमी अडवते, त्यामुळे तेवढ्याच बॅटरीत हायवेवर जास्त लांब जाते. पण अंधेरी ते घाटकोपर या रस्त्यावर वाऱ्याशी भांडायला वेग येणार कुठून?

आणि पाऊस? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. मी त्या रात्री अंधेरीहून बोरिवलीपर्यंत चालत आलो. वाटेत गाड्यांची नुसती छपरं दिसत होती. तेवढ्या पाण्यात उंच गाडीचंही काही चालत नाही, हे खरं. पण दरवर्षीच्या पोटरीभर पाण्यात चार बोटं उंचीसुद्धा पुष्कळ झाली.

असो. कुर्ल्याला लागूनच बीकेसीत जुलै २०२५ मध्ये टेस्लाने दुकान उघडलं. त्यांच्याकडे सेडानही आहे, पण तेव्हा इथे विकायला ठेवली ती फक्त मॉडेल वाय, म्हणजे क्रॉसओव्हरच.

काल शोरूममध्ये सौ.ला दोन्हींत बसवून पाहिलं. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सेडानमधून उठताना तिने माझा हात घट्ट धरला. दुसरीतून आपली आपण उतरली आणि थेट मागे जाऊन त्या पोराला म्हणाली, "डिकी उघड बघू, व्हीलचेअर मावते का ते बघायचंय." मुलगा काहीच बोलला नाही.

आता चार्जिंगच्या पॉइंटसाठी सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज द्यायचाय. तो मलाच लिहायला सांगितलाय.