निद्राश्वसनरोधाचे उपचार आणि महाधमनीविस्फार

झोपेत घशाची वाट पुनःपुन्हा मिटून श्वास अडण्याचा विकार म्हणजे अवरोधी निद्राश्वसनरोध, अर्थात स्लीप अ‍ॅप्निया. तासाला 30 किंवा अधिक वेळा श्वास अडत असल्यास तो तीव्र समजतात. महाधमनीची भिंत दुबळी होऊन फुगली की विस्फार होतो. पोटातील महाधमनीचा व्यास 3 सेंमी. झाल्यास हे निदान करतात.

कारणमीमांसा : घसा बंद असतानाही छाती हवा ओढू पाहते, त्यामुळे छातीच्या पोकळीतील दाब फार खाली जातो. महाधमनीची भिंत मग आतून रक्तदाबाने रेटली जाते आणि बाहेरून ओढली जाते. दर खेपेला ऑक्सिजन घटतो, अनुकंपी चेतासंस्था चेतवली जाते आणि श्वास सुटताना रक्तदाब उसळतो. पोटातील महाधमनी छातीबाहेर असल्याने तिथे ओढीपेक्षा ही उसळी व ऑक्सिजनचे चढउतार महत्त्वाचे असावेत.

सीपॅप : नाकावरील मुखवट्यातून सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारा हा उपचार कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत विकसित केला. पाच रुग्णांवरील त्यांचा अनुभव 1981 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. 1997 मध्ये सिडनीच्याच वैद्यकांनी मार्फान संलक्षणाचे दोन रुग्ण नोंदवले. सीपॅपनंतर त्यांच्या महाधमनीमुळाचे रुंदावणे लक्षणीय मंदावले होते. रुग्ण दोनच असले तरी ही नोंद मोलाची आहे, कारण या संलक्षणात भिंत जन्मतःच कमकुवत असते आणि श्वसनरोधही वारंवार आढळतो. ऑक्सफर्डच्या 2011 मधील पाहणीत तीव्र श्वसनरोध असलेल्यांचा पोटातील विस्फार अधिक वेगाने वाढताना दिसला. उपचाराने तो वेग कमी होतो, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

भारतासह सात देशांत झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत (2016) सीपॅपमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या घटना घटल्या नाहीत. तिचा विषय विस्फार नव्हता, आणि मुखवट्याचा सरासरी वापर रात्री सुमारे 3.3 तासच होता. उरलेली झोप असंरक्षित राहिली असेल, तर महाधमनीला लाभ झाला की नाही हे अशा सरासरीवरून ठरवणे रास्त नाही.

इतर उपचार : वजन घटवणे, कुशीवर झोपणे, जबडा पुढे धरणारे दंतसाधन.

शस्त्रक्रिया : पोटातील विस्फार पुरुषांत 5.5 सेंमी. झाल्यास विचारात घेतात. सीपॅप चालू आहे म्हणून ती लांबवू नये. रुग्णाने आपले यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे, भूल उतरतानाही त्याची गरज लागते.