विद्युत् वाहनांतील शक्ति-परिवर्तक
विद्युत् वाहनातील ऊर्जासाठा आणि चाके फिरविणारे चलित्र यांच्या दरम्यान विजेचा दाब, तिचे स्वरूप व प्रवाहाची दिशा बदलणाऱ्या साधनाला शक्ति-परिवर्तक म्हणतात. घटमाला व महाधारित्र अशा दोन भिन्न साठ्यांचा एकत्र उपयोग केल्यास त्यास संकरित साठा म्हणतात. गतिरोधनात वाया जाणारी ऊर्जा परत मिळविण्याच्या गरजेतून या साधनांचा बराचसा विकास झाला.

महाराष्ट्रात ही गरज प्रथम मुंबई–पुणे–सोलापूर लोहमार्गावरील बोरघाटात तीव्रतेने जाणवली. लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला व १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाल्यावर हे गिरण्यांचे भावी शहर मुंबईशी सलग जोडले गेले. घाटाचा चढ ३७ मीटरांना १ मीटर इतका आहे. तो उतरणाऱ्या गाडीची सर्व ऊर्जा गतिरोधकांच्या घर्षणात उष्णतारूपाने नष्ट होई. मुंबई–कुर्ला मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर विद्युत् गाडी धावली आणि १९३० पर्यंत विद्युतीकरण पुण्यापर्यंत आले. त्या वेळी आणलेल्या ‘क्रोकोडाइल’ मालवाहू एंजिनांत उतारावर चलित्रांकडून जनित्राचे काम करून घेऊन वीज वरच्या तारेत परत देण्याची सोय होती. जवळच चढावर असलेल्या गाडीला ती उपयोगी पडे. परत मिळालेली ऊर्जा घेणारा कोणीतरी त्याच क्षणी हजर असावा लागतो, ही अट येथेच स्पष्ट झाली.

त्या काळी नियंत्रण रोधक व स्पर्शक यांनी होत असे. १९५७ नंतर थायरिस्टर उपलब्ध झाला. परंतु एकदिश प्रवाहात तो बंद करण्यास साहाय्यक मंडल लागे. ही अडचण आयजीबीटी या ट्रँझिस्टर प्रकाराने मोठ्या प्रमाणात दूर केली. त्याच्या विकासात जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील भारतीय वंशाचे अभियंते बी. जयंत बालिगा यांचा वाटा प्रमुख आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी याच साधनांवर चालते. मागून ढकलणाऱ्या जादा एंजिनाशिवाय ती बोरघाट चढते आणि गतिरोधनातील वीज तारेत परत देते.

रस्त्यावरील वाहनाला वरची तार नाही. ऊर्जा घेणारा त्याने बरोबरच वागवावा लागतो. १,५०० किग्रॅ. वजनाची मोटारगाडी ताशी ६० किमी. वेगावरून ५ सेकंदांत थांबविल्यास सु. २०८ किलोजूल ऊर्जा सुटते, म्हणजे सरासरी ४० किलोवॉटांहून अधिक शक्ती. ऊर्जा फार नाही; ती येते मात्र एकदम. शिसे-अम्ल घटमालेला असा लोंढा सोसत नाही व तिचे आयुष्य घटते. महाधारित्र तो सहज स्वीकारते, पण त्यात किलोग्रॅममागे सु. ५ वॉट-तासच साठतात. वरील ऊर्जेसाठी सु. १५ किग्रॅ. वजनाचे महाधारित्र पुरेसे होते. धारित्रातील ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तिचा तीन-चतुर्थांश भाग काढून घेताना दाब निम्म्यावर येतो, तर घटमालेचा दाब जवळजवळ स्थिर असतो. दोहोंना सरळ समांतर जोडले, तर महाधारित्राची बहुतेक ऊर्जा वापरताच येत नाही. त्यामुळे दोन ट्रँझिस्टर व एक वेटोळे यांचा द्विदिश परिवर्तक मध्ये घालतात. ट्रँझिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून एका दिशेने दाब वाढवितात व उलट दिशेने उतरवितात.

टोयोटा प्रियसच्या २००३ मधील आवृत्तीत सु. २०० व्होल्ट घटमालेचा दाब ५०० व्होल्टांपर्यंत वाढविणारा परिवर्तक होता. २०१२ मध्ये माझदा कंपनीने गतिरोधनातील वीज धारित्रात घेऊन ती १२ व्होल्टांवर उतरविणारी योजना बाजारात आणली. तथापि लिथियम-आयन घटमालांची शक्ती वाढत गेल्याने बहुतेक उत्पादकांनी दुसऱ्या साठ्याचा व त्याच्या परिवर्तकाचा खर्च टाळला आणि महाधारित्रयुक्त संकरित साठ्याचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही.

हायड्रोजन इंधन-विद्युत् घटाच्या वाहनात मात्र दुसरा साठा सहसा टाळता येत नाही. कारण असा घट गतिरोधनातील वीज परत घेऊ शकत नाही व वेगातील आकस्मिक बदलांनाही सावकाश प्रतिसाद देतो. केपीआयटी व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद यांनी विकसित केलेली अशी बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात सादर करण्यात आली.