तीन वाट्यांचे वाचनालय

संस्थेच्या हीरक महोत्सवात इमारती, निकाल आणि गुणवंत विद्यार्थी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु लोकांनी उभारलेली संस्था साठ वर्षे टिकते ती कोणाच्या पैशावर, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वर्गणीदार थकतात, देणगीदार काळाच्या पडद्याआड जातात. सरकारी अनुदान मिळू लागले की अनेकदा लोकांचा ओलावा आटतो. या पेचाचे एक विचारपूर्वक शोधलेले उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोदे संस्थानात प्रत्यक्ष वापरात आले होते. ते उत्तर वाचनालयांच्या निमित्ताने सापडले असले, तरी शाळा चालविणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून बडोद्यास दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या हाती १८८१ मध्ये राज्याची सूत्रे आली. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली प्रांतात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मुले शाळेत येऊ लागली, अक्षरे गिरवू लागली. पण चार इयत्ता संपवून शेतात परतलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडले नाही, तर शिकलेले सारे काही वर्षांत पुसले जाई. शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर गावोगावी वाचनाची सोय हवी, हे त्यामुळे उघड झाले.

या कामाची सुरुवात दरबाराने केली नाही. मोतीभाई अमीन या शिक्षकाने सहकाऱ्यांना हाताशी धरून, वर्गण्या गोळा करून, खेड्यांत लहान लहान वाचनालये आधीच सुरू केली होती. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि स्वतंत्र ग्रंथालय खाते निर्माण झाले. नव्या खात्याने मोतीभाईंची खटपट बाजूला सारली नाही. त्यांनाच खात्यात सामावून घेतले.

खात्याने घालून दिलेला नियम अगदी साधा होता. गावाने वर्षाला जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. खेड्यासाठी एका वाट्याची मर्यादा १०० रुपये, कसब्यासाठी ३०० आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये होती. शहरांत पंचायतीच्या जागी नगरपालिका असे. इमारत बांधायची झाली तरी खर्चाचे असेच तीन भाग पडत.

या नियमातील पहिला वाटा लोकांचा आहे, ही गोष्ट महत्त्वाची. गावाने एक रुपयाही जमवला नाही, तर वरून काही येत नसे. जमवला, तर त्या एकाचे तीन होत. त्यामुळे घरोघरी वर्गणी मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येई. दुसरा वाटा पंचायतीचा. पंचायतीला त्या गावाची माणसे ठाऊक असत आणि वाचनालय उघडे असते की कुलूपबंद, हेही ठाऊक असे. दूरच्या राजधानीतील अधिकाऱ्याला जे कागदावरून ताडावे लागते, ते पंचायतीला डोळ्यांनी दिसे. शिवाय पंचायतीचा पैसा गुंतल्यामुळे वाचनालय चार हौशी मंडळींची बैठक न राहता गावाची सार्वजनिक वस्तू बने. तिसरा वाटा सरकारचा. त्यासोबत खात्याची जाणकारीही मिळे.

ही जाणकारी पैशाइतकीच मोलाची होती. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खात्याच्या खर्चाने खेड्यांत जात आणि परत येत. ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाले. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. बॉर्डन परतल्यावर ज. स. कुडाळकरांनी हे काम पुढे नेले. सयाजीरावांचे १९३९ मध्ये निधन झाले, तोवर संस्थानातील वाचनालयांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती.

या पद्धतीत दोष नव्हता असे नाही. ज्या गावाला पहिला वाटाच जड, त्याला उरलेले दोन्ही वाटे मिळत नसत. आणि गरज बहुधा अशाच गावाला अधिक असे. वर्गणी नसलेल्या वाचकापर्यंतही फिरती पेटी पोहोचू शके, म्हणून ती उणीव काही अंशी भरून निघाली, पूर्णपणे नाही. समान वाट्याचा नियम उत्साही गावाला बळ देतो. दुबळ्या गावासाठी वेगळी तजवीज करावीच लागते.

१९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. स्वतंत्र भारतातील राज्यांनी पुढे निरनिराळे मार्ग धरले. मद्रासने १९४८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांमार्फत ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात उपकर टाळला आणि लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. पहिल्या मार्गात निधीची शाश्वती अधिक, दुसऱ्यात लोकांचा पुढाकार शाबूत. बडोद्याच्या नियमाने या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या वहीत मांडल्या होत्या.

मराठी माध्यमाची शाळा आज चालविणे म्हणजेही असेच वाटे जुळविणे आहे. शासनाचे अनुदान हा एक वाटा. नगरपालिका वा पंचायत जागा, पाणी, रस्ता किंवा करसवलत देते तो दुसरा. हे दोन्ही मागताना संकोच करण्याचे कारण नाही, कारण तो पैसा मुळात नागरिकांचाच आहे. पण पहिला वाटा पालकांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा. तो नेहमी रुपयांतच मोजावा लागतो असे नाही; आपले मूल याच शाळेत घालण्याचा निर्णय हाही त्या वाट्याचाच भाग आहे. तो वाटा पडला, की उरलेले दोन हक्काने मागता येतात.