भेसळीचं कूळ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून जो लेसर धावेल, त्याचा उगम चक्क भेसळीच्या स्फटिकात आहे. यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट एरवी रंगहीन. त्यातल्या यिट्रियमच्या जागी शेकडा एखादा अणू निओडिमियमचा बसवला की १,०६४ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो. हा लेसर १९६४ साली बेल लॅब्समध्ये जन्मला. त्याचं घराणं मात्र फार जुनं.

१८६६ मध्ये पॅरिसच्या थेओडोर सिदोने अंधारात चमकणारे झिंक सल्फाइडचे स्फटिक केले. ही चमक कणभर तांब्याची, हे पुढे उमगलं. मग लोक जाणूनबुजून भेसळ करू लागले. जुन्या रंगीत टीव्हीचा निळा ठिपका चांदी मिसळलेल्या झिंक सल्फाइडचा असे, हिरवा तांबं मिसळलेल्याचा.

याच झिंक सल्फाइडचे काही नॅनोमीटरचे कण करून त्यांत मँगनीज घालण्याचं काम रामेश्वर भार्गव आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं. कण लहान केला की चमक वाढते आणि विझण्याचा वेग लाखपटीने वाढतो, हा त्यांचा दावा. मोठी खळबळ उडाली. चार वर्षांनी उट्रेख्तच्या बोल आणि मायरिंक यांनी मोजून दाखवलं, की मँगनीजची चमक पूर्वीसारखीच मिलिसेकंदभर टिकते. झटपट विझणारी चमक मँगनीजची नव्हेच. दावा पडला, पण डोप केलेले, म्हणजे भेसळ घातलेले, क्वांटम डॉट (असे नॅनोमीटरभराचे कण) मात्र प्रयोगशाळांतून मुक्कामाला राहिले.

पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने हेच कण हाताळले. कृती ऐकायला सोपी: जस्ताच्या आणि मँगनीजच्या क्षारांच्या द्रावणात सोडियम सल्फाइड सोडायचं आणि कण फुगू नयेत म्हणून त्यांना थायोग्लिसरॉलसारख्या रेणूचं वेष्टण द्यायचं. सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तळाशी पांढरा साका बसतो. अतिनील दिव्याखाली तोच साका नारिंगी होतो. याच गटाच्या १९९९ च्या शोधनिबंधात उलटी बाजूही आहे: लोखंड किंवा निकेल घातलं की उजेड मंदावतो. भेसळ कशाची, यावर सगळं अवलंबून.

भेसळ आत शिरवणंही सोपं नाही. कण वाढताना परका अणू त्याच्या पृष्ठभागाला पुरेसा वेळ चिकटून राहिला तरच आत गाडला जातो, असं अर्विन, नॉरिस वगैरेंनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं.

साध्या डॉटचा रंग आकारावर ठरतो. मँगनीजवाला कुठल्याही आकारात ५९० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगीच राहतो. तो शोषतो अतिनील आणि देतो नारिंगी, त्यामुळे स्वतःचा उजेड स्वतःच गिळत नाही. काचेच्या तावदानात पडलेला प्रकाश कडेच्या सौरघटांपर्यंत पोचवायचा, तर हा गुण लाखमोलाचा. २०१४ च्या सुमाराला तसे प्रयोगही झाले. शिवाय अनेक डॉटमध्ये असणारं कॅडमियमचं विष नको असेल तिथे जस्ताचा कण परवडतो.

तरी दुकानातल्या क्वांटम डॉट टीव्हीत जागा मिळाली ती भेसळ नसलेल्या कणांना. मँगनीजचा नारिंगी पट्टा रुंद आहे आणि पडद्याला लागतात नेमके, अरुंद रंग.