कासवीचें माहेर

१५०३ सालच्या मे महिन्यांत कोलंबसाचीं जहाजें कॅरिबियन समुद्रांतील दोन बेटांजवळून गेलीं, तेव्हां तेथें इतकीं कासवें दिसलीं कीं, त्यानें त्या बेटांना कासवांचेंच नांव दिलें. आजच्या केमन द्वीपसमूहांतील तीं बेटें होत. उलथें करून ठेविलेलें हिरवें कासव जहाजावर कित्येक आठवडे जिवंत राही. खलाशांना ताज्या मांसाची ही आयतीच सोय झाली. सुमारें १८०० पर्यंत केमनचे किनारे जवळजवळ ओस पडले.

परंतु त्या समुद्रांतील कासवें कांहीं संपलीं नव्हतीं. मग इतर ठिकाणच्या माद्या या मोकळ्या किनाऱ्यांवर अंडीं घालावयास कां आल्या नाहींत?

आर्ची कार या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९५५ पासून कोस्टा रिकांतील टोर्टुगुएरो येथें माद्यांना धातूच्या पट्ट्या लाविल्या. त्याच माद्या कांहीं वर्षांनीं त्याच किनाऱ्यावर परत येत. पण त्यांचा जन्महि तेथलाच, कीं जाणत्या माद्यांमागून त्या तेथें आल्या, हें पट्टीवरून कळेना. तळहातावर मावणाऱ्या पिलाला लाविलेली खूण तें प्रौढ होईपर्यंत टिकणार कशी? कार यांनीं १९६८ पर्यंत आरमारी विमानांतून सहस्रावधि पिलें निरनिराळ्या किनाऱ्यांवर पोंचविलीं. तरीहि तेथें नवी वसाहत उभी राहिलेली दिसली नाहीं. १९८७ सालीं ते निवर्तले.

उत्तर आलें तें १९९० सालीं, ब्रायन बोवेन प्रभृति शास्त्रज्ञांच्या संशोधनांतून. मायटोकाँड्रियांतील डीएनए आईकडून लेकीस व लेकीकडून नातीस मिळतो. आपले कुलवृत्तांत पित्याच्या वंशाचे. हा मातेच्या वंशाचा. कोस्टा रिका व सुरिनाम येथील माद्यांचे हे वृत्तांत निराळे निघाले. चरावयास कोठेंहि गेली, तरी कासवी बाळंतपणासाठीं माहेरींच येते, असें ठरलें.

याचा अर्थ गंभीर आहे. एका किनाऱ्यावरील वंश बुडाला, तर शेजारचा वंश ती जागा सहसा भरून काढीत नाहीं. म्हणून समुद्रांतील एकूण कासवांच्या मोजणीवर विसंबून चालणार नाहीं. प्रत्येक किनारा स्वतंत्रपणें राखला पाहिजे. १९८० नंतर केमन येथें पाळीव कासवें समुद्रांत सोडण्यांत आलीं व वाळूंत पुन्हां अंडीं दिसूं लागलीं, हें खरें. मात्र त्या पाळीव कासवांचे पूर्वज परक्या किनाऱ्यांवरून आणलेले होते. घर पुन्हां नांदतें झालें. परंतु कोलंबसानें पाहिलेलें कुळ तें हें नव्हे.